एकेक डोस, दिवसातून तीनदा

औषधाच्या बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवलेली ज्यांनी पाहिली आहे, अशी माणसं आता माझ्याच वयाची उरली. पांढऱ्या कागदाची बोटभर रुंद पट्टी घ्यायची, तिच्या सारख्या घड्या घालायच्या, घडीच्या दोन्ही कडांना कात्रीनं तिरका छाट द्यायचा आणि पट्टी उलगडायची. मग तिला दोन्ही अंगांनी दाते आलेले दिसायचे. ती खळीनं बाटलीवर उभी चिकटवली की काम झालं. एका दात्यापासून पुढच्या दात्यापर्यंत एक डोस. चमचा नको, माप नको, पेशंटला अक्षरओळख असण्याचीही गरज नाही. माझे वडील, अण्णा, जुन्या पनवेलमध्ये एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते आणि या पट्ट्या कापायचं काम आमच्या घरी चालायचं. म्हणजे माझी थोरली बहीण ते करायची. मी कापलेल्या पट्ट्यांचे दाते लहानमोठे व्हायचे. "मंदे, तुझा पेशंट सकाळी उपाशी आणि रात्री तुडुंब," असं म्हणून ताई माझ्या हातातून कात्री काढून घ्यायची.

ताईला सगळे बसून करायचीच कामं देत, कारण तिचं काळीज अधू होतं. लहानपणी सांधे सुजून तिला ताप आला होता. ताप गेला, सांधे बरे झाले, पण काळजाच्या झडपा त्यानं कायमच्या बिघडवून ठेवल्या. मार्केटच्या मागे चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या आणि समोर भाताची गिरणी. तिची धडधड सकाळी सुरू व्हायची ती दिवे लागेपर्यंत, आणि कोंड्याची बारीक पूड वाळत घातलेल्या कपड्यांवर, पाण्याच्या हंड्यावरच्या झाकणावर, देवांच्या तसबिरींवर बसायची. शेजारीपाजारी गिरणीच्या नावानं बोटं मोडत. आम्ही कधी मोडली नाहीत. गिरणी बंद झाली की ताईच्या श्वासाचा आवाज ऐकू यायचा, आणि तो कोणालाच ऐकायचा नव्हता.

ताईला मीठ बंद होतं. तिच्या एकटीचं वेगळं शिजवलं तर तिला वाईट वाटेल म्हणून आईनं सगळ्या घराचाच स्वयंपाक अळणी करून टाकला. अण्णा आणि मी पानात वरून मीठ घ्यायचो, तेही ताईची पाठ असली तर. आई मात्र कधी घ्यायची नाही. तांदळाची भाकरी अळणी, आमटी अळणी, रविवारी वालाचं बिरडं व्हायचं तेही अळणी, आणि पलीकडच्या खोलीतून भाजलेल्या सुकटीचा वास यायचा तेव्हा आम्ही चौघंही तेच जेवत असू. अळणी बिरडं ज्यानं वर्षानुवर्षं खाल्लंय त्याला पुढे आयुष्यात फारसं काही बेचव लागत नाही. माझ्या सुनेला वाटतं मी तिच्या स्वयंपाकाचं कौतुक करते.

दवाखाना म्हणजे एक लांबट खोली होती. मध्ये लाकडी पार्टिशन होतं, त्याला एक चौकोनी खिडकी. अलीकडे डॉक्टर आणि पेशंट, पलीकडे अण्णा आणि त्यांच्या बरण्या. मुंबईला शाळेत असताना डॉक्टरांना एका पाद्र्यांनी लॅटिन शिकवलं होतं आणि ते वेड त्यांच्या डोक्यातून कधी गेलं नाही. बाकीचे डॉक्टर औषधाची चिठ्ठी लिहून खिडकीतून सरकवत. आमचे डॉक्टर तोंडानं पुकारत, आणि तेही लॅटिनमध्ये. "बिनास, तेर इन दीए." म्हणजे दोन-दोन गोळ्या, दिवसातून तीनदा. अण्णांचं शिक्षण सातवीपर्यंत. ते सगळं ऐकून ऐकून शिकले होते आणि घरी त्याला "टरंडी" म्हणत. पेशंटना वाटायचं, डॉक्टर मंत्र म्हणतात. त्यांचा निम्मा आजार तिथेच उतरायचा.

उरलेला निम्मा बाटलीनं उतरायचा. त्या वेळेस गोळ्यांची पाकिटं सर्रास मिळत होती, नव्या वसाहतींमधले तरुण डॉक्टर तीच लिहून देत, पण आसपासच्या गावांतून येणाऱ्या माणसांना गोळीवर भरवसा नव्हता. करंजाडेची एक म्हातारी यायची, कमरेला धुतलेली रिकामी बाटली खोचून. "गोल्या नको डाक्टर, बाटली द्या. गोल्यांनी आमाला गुण येत नाय. घरी गेली का सून इचारतंय, बाटली कुठं हाय?" डॉक्टर तिच्याशी वाद घालत नसत. खिडकीकडे वळून पुकारत, "क्वांतुम सुफिसित." त्याचा अर्थ पुरेल इतकं. कुठल्याही मिक्श्चरमध्ये औषधं घालून झाली की बाटली भरेपर्यंत पुरेल इतकं पाणी घालायचं, त्यासाठी हे शब्द शेवटी यायचे. पण आधी एकाही औषधाचं नाव न घेता डॉक्टरांनी नुसतं "क्वांतुम सुफिसित" म्हटलं तर अण्णांनी काय ते समजायचं. गुलाबी रंग, पेपरमिंटचा थेंब आणि पाणी. दोन जातींच्या पेशंटसाठी ते होतं. ज्यांना काही झालेलं नाही ते, आणि ज्यांचं काही होण्यासारखं नाही ते.

हे आम्हा बहिणींना ठाऊक होतं, कारण डॉक्टरांनीच ते हसत हसत सांगितलं होतं. अण्णांचा डबा घेऊन मी दुपारी जायची तेव्हा ताईही हळूहळू चालत सोबत यायची, तिला तपासून घ्यायला. त्या वेळी पेशंट नसत. तपासून झालं की डॉक्टर तिला लॅटिन शिकवायचे आणि मी बाजूला बसून ऐकायची. ताई दहावीनंतर घरी बसली होती, तिला कोणी काही शिकवलं की ती पाणी घातलेल्या रोपासारखी टवटवून ताठ व्हायची. डॉक्टर सांगत, रोमन लोकांचे मोजायचे आकडे वेगळे आणि वाटायचे वेगळे. एक, दोन, तीन हे ऊनुस, दुओ, त्रेस. पण प्रत्येकी एक, प्रत्येकी दोन, प्रत्येकी तीन म्हणायचं तर सिंगुली, बिनी, तेर्नी. "आपण काय करतो? तोच आकडा दोनदा म्हणतो. पोरांना दोन-दोन लाडू दे. त्यांनी त्यासाठी शब्दांची वेगळी रांगच उभी केली. पाढे म्हणतानासुद्धा तेच आकडे."

ताई म्हणाली, "आपणही पाढ्यात वेगळेच म्हणतो की. बे त्रिक सहा, बे चोक आठ. त्रिक आणि चोक एरवी कुठे वापरतो?" डॉक्टर इतके खूश झाले की त्यांनी टेबलावर थाप मारली. मग म्हणाले, रोमन लोकांचं एक नाणं अडीचाचं होतं, त्याच्या नावाचा अर्थ 'तिसरं अर्धं', म्हणजे दोन पुरे आणि तिसरं निम्मं. आणि आपला अडीच हा शब्दही मुळात संस्कृतातल्या 'अर्धतृतीय'वरून आला. इथे पार्टिशनच्या मागून अण्णांचा आवाज आला. त्यांना लहानपणी छड्या खाऊन साडेतीनाचा पाढा, औटकी, पाठ झाली होती. औट, सात, साडेदहा, चौदा असं ते जेवता जेवता म्हणत गेले आणि आम्ही तिघं हसत राहिलो. काही गोष्टींना रोमन लोक एकवचनच देत नसत, असंही डॉक्टर सांगत. लग्न त्यातलं. म्हणून दोन लग्नं म्हणायचं तर तिथे साधा दोन चालत नाही, वाटायचा दोन लागतो. मग पार्टिशनकडे वळून अण्णांना म्हणाले, "बिने नुप्तिए. शंकरराव, तुमच्या घरात व्हायची आहेत, तयारीला लागा." ताई लाजली. त्यांतलं एकच झालं, माझं, आणि तेही घरातल्या कोणाचा जीव त्यात नसताना.

एका उन्हाळ्यात ताईचे पाय सुजायला लागले. अण्णांनी रजा काढून तिला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथे ऑपरेशन होतं हे आम्ही ऐकून होतो आणि आईनं त्यासाठी बांगड्या मोडायचं ठरवूनही टाकलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी सगळे फोटो काढले आणि सांगितलं की उशीर झालाय, आता फुप्फुसांवरच इतका ताण आलाय की ऑपरेशनच्या टेबलावरून ती उठायची नाही. अण्णांनी घरी येऊन आईला सांगितलं, "सध्या ऑपरेशन नको म्हणतात. औषधावर ठेवा म्हणाले." तो 'सध्या' त्यांनी पदरचा घातला. आईनं बांगड्या परत हातात चढवल्या. तिचा चेहरा उजळला होता. औषध म्हणजे बाटली, आणि बाटली तर घरचीच होती.

काही महिने बाटलीत खरं औषध असायचं, सोबत एक छोटी पांढरी गोळी. मग ताईच्या पोटात काही ठरेना. घेतलं की उलटून पडायचं. अण्णांनी तिला पुन्हा दवाखान्यात न्यायचं ठरवलं आणि मी सोबत गेले. त्या दिवशी बाजार होता, बाकावर बायामाणसं खेटून बसली होती. डॉक्टरांनी ताईला स्टुलावर बसवून छातीला नळी लावली ती बराच वेळ काढलीच नाही. मग तिच्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला तो तसाच राहिला. बाकावरची एक बाई मूल रडतंय म्हणून कुरकुरत होती, दाराशी दोघं तिघं उभे होते. डॉक्टर हात पुसत, रोजच्यासारखे, खिडकीकडे वळले आणि रोजच्याच आवाजात त्यांनी पुकारलं, "शंकरराव, क्वांतुम सुफिसित. सिंगुलास, तेर इन दीए."

आधी एकाही औषधाचं नाव नव्हतं. नुसतं पाणी, एकेक डोस, दिवसातून तीनदा. इतकी वर्षं ज्या मुलीला त्यांनी स्वतः हे शिकवलं, तीच समोर स्टुलावर बसली आहे, हे ते सवयीनं विसरले. पलीकडे बाटल्यांचा आवाज थांबला. डॉक्टरांनी हळूच मान वळवून ताईकडे पाहिलं, चष्मा काढला, "पोरी..." एवढंच म्हणाले. ताईनं पदर खांद्यावर नीट घेतला.

"कळलं, डॉक्टरकाका," ती म्हणाली. "मग निदान गोड तरी करा."

भाजीत तिखट कमी घाला म्हणावं, तसं ती ते म्हणाली. अण्णा खिडकीशी आले नाहीत. बरणीचं झाकण उघडल्याचा, मग बूच पिळून बसवल्याचा आवाज तेवढा आला. बाटली बाहेर आली तिच्यावर ताईनंच कापलेली पट्टी होती. मला डॉक्टरांचा भयंकर राग आला, अण्णांचाही आला. भर बाजाराच्या दिवशी, अनोळखी बायकांसमोर माझ्या बहिणीला तिचं मरण सांगितलं गेलं आणि बाकावरच्या कोणाला त्याचा पत्ता नव्हता. ते दुःख की ती दया, हे मला आजही ठरवता येत नाही. घरी येताना ताई दोनदा थांबली, दम खायला. दुसऱ्यांदा थांबली तेव्हा म्हणाली, "आईला नाही सांगायचं. शपथ आहे."

आई प्रत्येक नवी बाटली आधी स्वतः चाखायची. बुचाला लागलेला थेंब जिभेवर घ्यायची, तिचा तो रिवाजच होता. त्या संध्याकाळी तिनं थेंब घेतला आणि कपाळाला आठी घातली. "अहो, हे गोड आहे."

"औषध बदललंय. गोळीही बंद केली," अण्णा म्हणाले.

"गोड औषध तान्ह्या पोरांना देतात. पायाला एवढी सूज, आणि हे सरबत काय करणार? काहीतरी घालायचं विसरलात तुम्ही. उद्या परत न्या. कडवटपणा आत गेल्याशिवाय रोग बाहेर यायचा नाही."

अण्णांनी ताईकडे पाहिलं. इतकी वर्षं हे मनात घोळवतेय, पण त्या नजरेला नाव देता आलं नाही. ताई म्हणाली, "अण्णा, गर्दीत दुसऱ्याचीच बाटली आली असेल तुमच्याकडून." दुसऱ्या दिवशी अण्णांनी पाण्यात काडेचिराईताचा अर्क घातला. आईनं थेंब चाखला, तिचं सगळं तोंड वाकडं झालं आणि तिला हायसं वाटलं.

त्यानंतर ताई दिवसातून तीनदा ते कडू पाणी प्यायली. आई दारात उजेडाला बाटली धरायची, दात्यावर अंगठ्याचं नख टेकवायची आणि नखापर्यंत उतरेल इतकंच वाटीत ओतायची. एक थेंब कमी नाही, जास्त नाही. ताई डोळे मिटून घोट घ्यायची, थरथरायची, आणि आई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणायची, "लागू पडतंय बघ. ओठ जरा लाल दिसतायत आज." ओठ निळे होते. मी तिथून उठून गॅलरीत जायची आणि गिरणीकडे बघत राहायची. एकदा मी ताईला विचारलं, रागानंच विचारलं, की तू हे का पितेस, सरळ सांगून का टाकत नाहीस. ती म्हणाली, "तिला काहीतरी करायला हवं ना गं. नाहीतर ती दिवसभर काय करेल?"

आशा कोणालाच नव्हती. अण्णांना नाही, मला नाही, जी जाणार होती तिला तर नाहीच. एकटी आई सोडून. आणि तिच्या एकटीच्या आशेसाठी आम्ही तिघं सकाळ-दुपार-संध्याकाळ ते नाटक वठवत होतो. मी कॉलेजात असताना अभ्यास कसा केला, कोणत्या मैत्रिणी होत्या, काही म्हणजे काही आठवत नाही. त्या वाटीचा तळ मात्र आठवतो.

एक दिवस दुपारी मी घरी आले तर आई नव्हती. रेशनच्या दुकानात रॉकेल आलं होतं, कॅन घेऊन ती रांगेला गेली होती आणि रांग मार्केटच्या कोपऱ्याबाहेर गेली होती. ताई भिंतीला उशी लावून बसली होती. तिचा एक गाल फुगलेला होता. देवासमोरच्या वाटीतली खडीसाखर तिनं तोंडात टाकली होती. बाटली फळीवर तशीच होती, सकाळच्या दात्यापाशी.

"दुपारचा डोस?" मी विचारलं.

"आई नाहीये. मग कोणासाठी पिऊ?" ती म्हणाली आणि हसली. वाटीतला एक खडा मला दिला. "घे. सिंगुली." प्रत्येकी एक. आम्ही दोघी खडीसाखर चघळत बसलो. ती म्हणाली, "जीभ किती छान वाटतेय आज." त्या सगळ्या महिन्यांत मला तिचं सुख दिसलं असेल तर ते एवढंच.

आई संध्याकाळी परतली. कॅन हातातच होता, खाली ठेवायच्या आधीच तिचं लक्ष फळीवर गेलं. "दुपारचा राहिला?" तिनं विचारलं. ताई म्हणाली, "झोप लागली गं." आई तशीच दारात खाली बसली. मुलगी आजारी आणि आपण रॉकेलच्या रांगेत गप्पा मारत उभ्या, असं ती स्वतःलाच बोलत राहिली. संध्याकाळचा डोस देताना तिनं दात्यावर नख दोनदा टेकवून पाहिलं. त्याच आठवड्यात, सकाळी, गिरणी नुकतीच सुरू झाली होती तेव्हा ताई गेली. आईनं टाहो फोडला नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला ती एकच सांगायची, "सगळं व्यवस्थित चाललं होतं. औषध लागू पडत होतं. एक दुपारचा डोस माझ्या हातून चुकला."

आम्ही तिला काय सांगणार होतो? त्या डोसानं काही बिघडलं नाही, असं अण्णा पुष्कळदा म्हणाले. ती म्हणायची, तुम्ही मला धीर द्यायला म्हणता. धीराचं सोडून खरं सांगायचं, तर आधी हे सांगावं लागलं असतं की बापानं स्वतःच्या हातानं लेकीला पाणी भरून दिलं, आणि वर ते कडूही केलं. अण्णांना ते जमलं नाही. दवाखाना बंद पडला, डॉक्टर गेले, मग अण्णाही गेले. आई नव्वदीला टेकली आहे, माझ्याकडेच असते. तिच्या खिडकीतून, ज्या टेकड्या फोडून विमानतळ केला, त्यांच्या जागेवरून उडणारी विमानं दिसतात. तिला त्यांचं काही नाही. आपल्या गोळ्या ती वेळेवर घेते, एकही चुकवत नाही, आणि घेता घेता कधीतरी म्हणते, "त्या दिवशी रांगेतून परत आले असते तर."

यंदा मला ते ऐकवेना. मी तिच्या पलंगावर बसले, ऐकू कमी येतं म्हणून तोंड तिच्या कानाशी नेलं आणि सगळं सांगितलं. मुंबईचे डॉक्टर काय म्हणाले होते ते, स्टुलावर काय झालं ते, अण्णांनी बाटलीत काय भरलं ते. ताई खडीसाखर चघळत होती आणि तो डोस तिनं स्वतःहून टाळला, हेही सांगितलं. ते पाणी होतं आई, म्हटलं, नुसतं पाणी. तुझ्या हातून काही चुकलं नाही. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. माझ्या हातावर हात ठेवला, लहान मुलाची समजूत काढावी तसा थोपटला.

"पाणी कसं असेल?" ती म्हणाली. "मी चाखून बघितलं होतं. कडूजहर होतं."